आदल्या दिवसाचे मोहोडकाका

मोहोडकाका आमच्या वास्तुशांतीच्या जेवणाला आले तेव्हा घरात एक रंगारी होता आणि मी होतो. रंगारी शिडीवर होता, मी शिडी धरून होतो. जेवण दुसऱ्या दिवशी होतं. दारात एक उंच, वाळका गृहस्थ उभा. खाली खाकी पँट, वर पांढरा सदरा, हातात भेटीचं स्टीलचं पातेलं.

"मी मोहोड. पलीकडल्या घरचा," ते म्हणाले. "जेवण उद्या आहे, मले ठाऊक आहे. मी आज आलो."

मी चहा ठेवला. ते सिमेंटच्या गोणीवर बसले, चहा प्याले, खिडकीच्या वरचा एक कोपरा रंगवायचा राहिला होता तो रंगाऱ्याला दाखवला आणि पातेलं ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पंगतींवर पंगती उठल्या, तरी यांचा पत्ता नाही. संध्याकाळी ताट वाढून घेऊन गेलो, तर माझ्याकडेच आश्चर्याने बघायला लागले.

"मी कालच येऊन गेलो न बाप्पा!"

अमरावतीतल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं, मीच नवा होतो. मी बँकेत नोकरीला, म्हणून त्यांनी त्या दिवसापासून माझं नाव 'बँकवाले' ठेवलं. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही, आणि मलाही आपण होऊन सांगावंसं वाटलं नाही.

मोहोडकाका दारू पकडणाऱ्या सरकारी खात्यात जवान होते, आणि लोक त्यांना जमादार म्हणत. हे खातं खाकी घालतं, धाडी घालतं, माणसं धरून आणतं, पण पोलीस नाही. पोलीस म्हणत हे आमच्यातले नव्हेत, कचेरीतले बाबू म्हणत हे आमच्यातले नव्हेत, आणि भट्टीवाल्यांना तर ते कुणाचेच नको होते. एकदा गावात पोलिसांसाठी पेन्शनचं मार्गदर्शन शिबिर लागलं. काका अर्थातच आदल्या दिवशी गेले आणि मंडपवाल्याला बांबू धरून दिले. दुसऱ्या दिवशी, अपवाद म्हणून, पुन्हा गेले, तर दारातल्या माणसाने सांगितलं की हे फक्त पोलिसांसाठी आहे.

"म्हंजे मी मंडपाले चालतो, शिबिराले चालत नाही," काका मला म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना फक्त ते नीट समजून घ्यायचं होतं.

पेन्शन हा त्यांच्या आयुष्यातला दुखरा दात होता, आणि तो कसा किडला हे सांगितल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. काकांचं गाव धरणात गेलं. धरणग्रस्त म्हणून दाखला मिळाला, आणि त्या दाखल्यावर नोकरी मिळाली तीही चाळिशीच्या उंबरठ्यावर. नेमणुकीचा हुकूम आला तो नेमका दिवाळीत, धनत्रयोदशीला. चतुर्दशीला कचेरी उघडी होती. काका बॅग भरून निघाले, तर काकू दारात उभ्या राहिल्या.

"आमुशाच्या तोंडावर कोणी नोकरी धरते का? पाडव्याले गायगोधन करा, अन् मंग जा. दोन दिवसानं काय फरक पडते?"

गोधन म्हणजे आमच्याकडची पाडव्याची गाईची पूजा. काकांकडे तेव्हा गाय नव्हती, ती धरणाच्या आधीच विकली होती. पण शेजाऱ्याच्या गाईला ओवाळलं, करंजी खाल्ली आणि सणाच्या सुट्ट्या संपल्यावर ते हजर झाले. बऱ्याच महिन्यांनी कचेरीत कळलं की ऐन लक्ष्मीपूजनापासून जुनी पेन्शन बंद झाली आहे. चतुर्दशीपर्यंत जो नोकरीला लागला तो जुन्या योजनेचा सभासद, त्याला मरेपर्यंत पेन्शन आणि त्याच्यामागे बायकोला. नंतर लागला तो नव्या योजनेचा. त्याच्या पगारातून पैसे कापून बाजारात लावणार, आणि शेवटी काय हाती येईल ते बाजारालाच ठाऊक.

काका काकूंना एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते सगळीकडे एक दिवस आधी जाऊ लागले.

लग्नाला आदल्या दिवशी गेलं तर एक वेळ खपून जातं. अगदी सुरुवातीला तेल्हाऱ्याला काकूंच्या भाच्याचं लग्न होतं, तिथे काका आदल्या सकाळीच पोचले. आचाऱ्याचा एक माणूस आला नव्हता. काकांनी पोतंभर वांगी चिरली, बुंदी पाडायला मदत केली, मंडपाची झालर सरळ केली, नवरदेवाला हळद लावली आणि रात्रीच्या गाडीने परत आले. लग्नाच्या अल्बममध्ये ते हळदीच्या प्रत्येक फोटोत आहेत, लग्नाच्या एकाही नाही. मुलीकडच्यांनी बरीच वर्षं त्यांना केटरिंगवाले समजून दुसऱ्या कार्यांसाठी फोन केले. काका त्यांना दरही सांगायचे, म्हणे नाही म्हणायला बरं दिसत नाही.

आजाऱ्याला भेटायला जाणं मात्र अवघड होतं. कुणाचं काही फारसं खरं नाही असं कानावर आलं की काका लगेच जायचे, आणि योगायोग असा की एकदोनदा दुसऱ्याच दिवशी माणूस गेला. झालं. पुढे काका कुणाच्या घरी भेटून गेले की तिथली मंडळी मुंबई-पुण्याच्या लेकरांना फोन लावायला लागली. आमच्या गल्लीत एक म्हातारे गुरुजी होते. पंधरवडाभर अंथरुणाला खिळलेले, पाणीसुद्धा चमच्याने घेत होते. काकांनी त्यांच्या फाटकाची कडी वाजवली. खिडकीतून काका दिसताच गुरुजी ताडकन उठून बसले, पायात चपला सरकवल्या, अंगणात आले आणि ओरडले, "जमादार, मी चांगला आहो! वापस जा! मी एकदम चांगला आहो!" मग खरंच चांगले झाले. अजून आहेत. त्यांच्या सुनेने काकांना खणखणीत नमस्कार केला, पण घरात काही बोलावलं नाही.

आता जो माणूस निमंत्रणाला एक दिवस आधी जातो, तो धाडीला कधी जाणार? नोकरीच्या सुरुवातीला काका धारणीकडे होते. जंगलातल्या एका गावाला शुक्रवारी बाजार भरायचा, त्यासाठी गुरुवारी नाल्याकाठी मोहाची भट्टी लागायची. खबर पक्की होती. गुरुवारची धाड साहेबांनी काकांवर सोपवली, आणि काका बुधवारीच जीपला लोंबकळत तिथे पोचले. नाल्यावर भट्टीवाला एकटाच दगडांची चूल मांडत बसला होता. खाकी बघून त्याने हात जोडले.

"साहेब, आज कावून आले? आज तं काहीच नाही. उद्या या न."

काका म्हणाले, "उद्या उशीर होते."

दोघं चुलीपाशी बसले. भट्टीवाल्याने काळा चहा केला, काकांनी डब्यातली भाकर अर्धी त्याला दिली. चुलीचा एक दगड डुगडुगत होता तो काकांनी नीट बसवून दिला. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. दगड डुगडुगला असता तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या पायावर पडला असता, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आठवड्यातही ते बुधवारी गेले, त्याच्या पुढच्याही. भट्टीवाला शहाणा होता. हा साहेब बुधवारी येऊन जातो, म्हणजे गुरुवारसारखा निर्धास्त दिवस नाही, हे त्याने ओळखलं आणि धंदा वाढवला. शेवटी खात्याच्या साहेबांनी डोकं लावलं. त्यांनी काकांना सांगितलं, "मोहोड, धाड शुक्रवारी." काका गुरुवारी गेले आणि धाड झाली. भट्टीवाला जीपमध्ये बसता बसता रडवेला होऊन म्हणाला, "साहेब, तुमी तं बुधवारचे होते न?"

तेव्हापासून कचेरीचा रिवाजच पडला. मोहोडला काहीही सांगायचं ते एक दिवस पुढचं सांगायचं. धाड असो, हजेरी असो, साहेबांची तपासणी असो. काकांची बदली अकोल्याला झाली तेव्हा हा रिवाज त्यांच्याबरोबर अकोल्याला गेला. तिथले हेडक्लार्क इंगळेबाबू तर इतके तरबेज झाले की महिन्याच्या शेवटी तारीख उलटली तरी चुकत नसत.

इकडे अमरावतीत काकूंनीही तोच शोध स्वतंत्रपणे लावला होता. काकू काटकुळ्या, चटपटीत. घरातलं सगळं त्यांच्या हाती. लाइट बिल असो की नातवाचं बारसं, त्या काकांना एक दिवस पुढचं सांगत. गंमत अशी की कचेरी हे करते ते काकूंना ठाऊक नव्हतं, आणि काकू हे करतात ते कचेरीला. कचेरीचं कचेरीत राहायचं, घरचं घरात, त्यामुळे वर्षानुवर्षं, काकूंनी किंवा कचेरीने सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी काका अगदी वेळेवर पोचत होते आणि आपण एक दिवस आधी आलो या समाधानात होते. लोक त्यांना बघून दचकत नाहीत, हे त्यांना अलीकडे जरा खटकत होतं, एवढंच.

मग तो निर्णय आला. ज्यांच्या भरतीची जाहिरात जुन्या काळातली, पण नेमणूक मुदतीनंतरची, त्यांना जुन्या पेन्शनमध्ये यायचं असेल तर एकदाच सांगता येईल. त्यासाठी ठरावीक तारखेपर्यंत अर्ज द्यायचा. तारीख चुकली तर आहे त्या योजनेत राहायचं, पुन्हा विचारायचं नाही.

काका निवृत्तीला आले होते. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाल्या, "माह्या एका शब्दापायी गेली होती ते वापस येऊन राहिली." एरवी काकू त्या दिवाळीबद्दल बोलत नसत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात लाटणं होतं, आणि मी आपला उगीच मान हलवत उभा राहिलो.

अर्जाला जोडायची त्या जुन्या जाहिरातीची प्रत मिळवायला काकांनी नागपूरपर्यंत खेटे घातले. ती हाती आली तेव्हा मुदत संपत आली होती, आणि नेमकी त्यांना तेल्हाऱ्याकडे नाक्यावर ड्यूटी लागली, रजा मिळणार फक्त एका दिवसाची. अर्ज अमरावतीच्या मोठ्या ऑफिसात स्वतः नेऊन द्यायचा होता. नाक्यावर फोन लागेना, म्हणून इंगळेबाबूंनी काकूंना फोन केला. शेवटची तारीख होती एकतीस. हात सवयीचा. ते म्हणाले, "वहिनी, एक तारीख शेवटली. जमादाराले सांगजा." काकूंनी ऐकलं 'एक', आणि संध्याकाळी काकांचा फोन आला तेव्हा त्याही सवयीने म्हणाल्या, "दोन तारीख आहे."

काका एक तारखेला सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात उभे होते. कडक इस्त्री, टोपीसकट. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना खरी तारीख आली होती, पण त्यांच्या मते व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं ते उशिराच येतं, म्हणून ते बघतच नसत. खिडकीतल्या माणसाने अर्ज बघितला आणि म्हणाला, "काका, काल संपली मुदत."

ते घरी आले आणि ओट्यावर बसले. टोपी काढली नाही. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. आधी काकू इंगळेबाबूंवर फोनवर ओरडल्या. मग फोनच्या स्पीकरवरून इंगळेबाबूंनी विचारलं, "वहिनी, म्या तं एक सांगतली होती, दोन कोणी सांगतली?" काकूंनी फोन ठेवला. मग काकांना म्हणाल्या, "दोन्ही बारीले मीच. पाडव्यालेही मीच अन् आताही मीच."

काका म्हणाले, "तू मले वेळेवर पोचवाले पाहून राहिली होती." मग त्यांनी विचारलं, "म्हंजे इतले वर्स मी एक दिवस आधी जातच नव्हतो काय?"

"नाही."

"मंग मी उगाच खुश होतो."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. हे दोन्ही एकदम झालं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी मी जाऊन बसलो. काकू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि काका चहा करत होते. चहात साखर नव्हती. आम्ही तो तसाच प्यालो.

पण सरकारचं एक बरं असतं, ते स्वतःच कधी वेळेवर नसतं. थोड्याच दिवसांत मुदत वाढवल्याची बातमी आली. आता पंचाईत अशी झाली की नवी तारीख काकांना सांगायची कुणी? इंगळेबाबू अकोल्याहून एसटीने स्वतः आले. ओट्यावर उभं राहून म्हणाले, "जमादार, माह्या पोराची शपथ, हे तारीख खरी आहे. म्या काहीच जोडलं नाही." काकूंनी तोंडावर पदर धरला, न जाणो आपल्या तोंडून काही आकडा निघायचा. काकांनी इंगळेबाबूंकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बँकवाले, तुमी काय जोडता?"

"काही नाही, काका."

"काही सांगता येत नाही," ते म्हणाले आणि टोपी घालून तडक निघाले.

मोठ्या ऑफिसात मुदतवाढीचं पत्र अजून पोचलंच नव्हतं. "उद्या या," खिडकीने सांगितलं. उद्या हा शब्द ऐकून काकांच्या अंगावर काटा आला असणार. ते दारातल्या बाकावर बसले आणि उठायचं नावच घेईनात. काकू डबा आणून देत. त्यांनी शिल्लक होती ती सगळी रजा टाकली आणि रोज ऑफिस उघडायच्या आधीपासून बंद होईपर्यंत बाकावर. खाकीतला माणूस दारात बसलेला बघून येणारे-जाणारे त्यांनाच विचारायला लागले, अमका साहेब कुठे, तमका अर्ज कुठे. काका सांगू लागले, आणि बरोबर सांगू लागले. शिपायाने त्यांच्या भरवशावर चहाच्या फेऱ्या वाढवल्या. एक दिवस तो असाच चहाला गेलेला असताना डाक आली. डाकवाल्याने गठ्ठा काकांच्या हातात दिला, काकांनी सही केली. त्यात मुदतवाढीचं पत्र होतं. आपल्याच मुदतीचं पत्र त्यांनी आत नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर आपला अर्ज ठेवला.

साहेबांनी विचारलं, "हे पत्र कधी आलं?"

"आताच. म्या घेतलं."

"आणि अर्ज?"

"अर्ज आधीच आला होता. पत्राले उशीर झाला."

अर्ज घेतला गेला. पुढे कागद वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. काका त्या काळात कुणाच्या लग्नाला गेले नाहीत, आजाऱ्याला गेले नाहीत. गुरुजींच्या सुनेने एकदा चौकशी केली, काकांची तब्येत ठीक आहे ना म्हणून. निवृत्तीच्या थोडं आधी, एका मंगळवारी, काकांनी गल्लीत पेढे वाटले. जुन्या पेन्शनमध्ये घेतलं म्हणाले. आम्ही तोंड भरून अभिनंदन केलं. काकू मात्र पेढ्याचं ताट धरून पांढऱ्याफटक पडल्या होत्या. फाटकाशी आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "अजून आलं नाही काही. हे आजच वाटून राहिले. मले झोप नाही येत आता." मी अर्धा पेढा खाल्ला होता, तो तसाच हातात राहिला. बुधवारी दुपारी आदेश आला.

निवृत्तीनंतर त्यांचं पेन्शनचं खातं आमच्याच शाखेत आलं. पेन्शन एक तारखेला जमा होते आणि त्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसते. काका दर महिन्याला आदल्या दिवशी येतात, काकूंना घेऊन. रांग नाही, गर्दी नाही, पंखे निवांत फिरत असतात. ते थेट माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "जमा झाली काय?" पहिल्या महिन्यात मला वाटलं सवय आहे, दुसऱ्या महिन्यात वाटलं विसरले असतील. मोबाइलवर मेसेज येतो हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आदल्या दिवशी हजर.

माझी बदली झाली तेव्हा त्या शाखेतला माझा शेवटचा दिवस महिनाअखेरचाच होता. मी टेबल आवरत होतो. काका आले. पांढरा सदरा, खाली मात्र अजून खाकीच. मागून काकू, हातात पिशवी.

"बँकवाले, जमा झाली काय?"

"काका, उद्या या."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी हातातलं काम थांबवलं. हा माणूस 'उद्या' या शब्दाला उभं आयुष्य भीत आला होता. आता तोच ऐकायला तो दर महिन्याला चालत येत होता, हे मला तेव्हा कुठे समजलं. ते काकूंकडे वळले.

"उद्या म्हणते."

काकू पुढे झाल्या, टेबलावर वाकल्या आणि काकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने मला म्हणाल्या, "उद्याच ना रे? का आजच आहे, अन् तू एक दिवस जोडून उद्या सांगून राहिला?"

"उद्याच आहे, काकू. मी काही जोडलं नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग पिशवीतून दोन करंज्या काढून टेबलावर ठेवल्या आणि वळल्या. दिवाळी दुसऱ्या दिवसापासून होती. काका तोवर पायऱ्या उतरून खाली गेले होते, आणि तिथे उन्हात थांबून काकू येईपर्यंत वर बघत उभे होते.